तिसऱ्या वर्षातल्या ताया

(गटाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मॉन्टेसरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतात ती अडीच-तीन वर्षांची मुलं, गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा आणि बालवाडीच्या ताई. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि ही पद्धत गावातल्या, पाड्यावरच्या मुलांपर्यंत नेली, म्हणून ती आपल्याला घरची वाटते. पण मारिया मॉन्टेसरींचं काम सहाव्या वर्षाशी थांबत नाही. सहा ते नऊ वयाची मुलं तीन वर्षं एकाच वर्गात ठेवायची, हा त्याचा पुढचा टप्पा. अशाच एका वर्गावर मी शिकवते. त्यातलं शेवटचं वर्ष म्हणजे आपली तिसरी. त्या वर्षाबद्दल आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल आज बोलणार आहे.

या टप्प्याची बरीच घडण आपल्याच देशात झाली. मॉन्टेसरीबाई १९३९ मध्ये मद्रासला आल्या. १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर इंग्रज सरकारनं त्यांच्यावर शत्रुराष्ट्राच्या नागरिक म्हणून बंधनं घातली. १९४२ ते १९४४ त्या कोडाईकनालला राहिल्या आणि सहा ते बारा वयाच्या शिक्षणाचं पुष्कळ काम त्यांनी तिथं केलं. मदतीला मुलगा मारिओ होता. हा मारिओ १८९८ मध्ये लग्नाशिवाय झालेला, लहानपणी परक्या घरी वाढवायला द्यावा लागलेला. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८९६ मध्ये, याच बाईंनी बर्लिनच्या महिला परिषदेत समान कामाला समान वेतन मागितलं होतं.

आता वर्गात चला. सहा वर्षांचं मूल येतं तेव्हा ते मोठ्यांकडे बघत असतं. दुसऱ्या वर्षी ते हात चालवतं. तिसऱ्या वर्षी ते स्वतःच थोरलं झालेलं असतं. वर्गातली प्रत्येक वस्तू कुठं आहे, कोणतं काम कसं मांडायचं, हे त्याला माझ्याइतकंच माहीत असतं. याच वर्षी मोठा भागाकार येतो. काचेच्या नळ्या, दर नळीत दहा मणी, हिरवे एककांचे, निळे दशकांचे, तांबडे शतकांचे. सात आकडी संख्येला चार आकडी संख्येनं भागायचं, मणी समान वाटत वाटत. एका बैठकीत ते संपत नाही. चटईवर काम पसरून मूल तासन्‌तास बसतं. याच वर्षी थोरल्यांनी धाकट्यांना शिकवायचं असतं. शिकवताना आपलंही पक्कं होतं, असा त्यामागचा विचार.

मी रोज निरीक्षणाची वही लिहिते. एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ती चाळत बसले. तिसऱ्या वर्षातल्या मुलींच्या पानांवर मी लिहिलं होतं: छोटीची नाडी बांधून दिली. रडणाऱ्याला पाणी आणून दिलं. सांडलेले मणी वेचले. नव्या मुलाला अक्षरं वाचून दाखवली. पुढं मीच कौतुकानं शेरे मारले होते: समजूतदार, प्रेमळ. मुलांच्या पानांवर होतं: चार आकडी भागाकार पूर्ण. मैदानाचं क्षेत्रफळ काढलं. ज्वालामुखीवर बारा पानं लिहिली. शेरे: एकाग्र, चिकाटीचा.

मुलंमुली एकाच वयाची, साहित्य तेच, ताई तीच. मग असं का व्हावं?

सुट्टीनंतर एका मुलीला विचारलं, तुझा भागाकार तीन आठवडे अर्धाच का गं? ती सहज म्हणाली, "ताई, मी बसले की कुणीतरी हाक मारतंच. घरी पण तसंच होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण हाक मारणाऱ्यांत मीही होते. धाकटं मूल रडलं की माझी नजर आधी मुलींवरच जायची. चटईवर काम पसरलेल्या मुलाला कुणी उठवायचं नाही, हा आमच्या वर्गाचा पहिला नियम. मुलांच्या बाबतीत मी तो कटाक्षानं पाळत होते. मुलींच्या बाबतीत रोज मोडत होते, आणि त्याला त्यांचा गुण म्हणत होते.

मग मी दोन गोष्टी केल्या. ज्याची चटई पसरलेली आहे त्याला हाक मारायची नाही, मलासुद्धा नाही, हे सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं. आणि धाकट्यांची जबाबदारी पाळीनं लावली, मुलामुलींना सारखी. पहिले आठवडे मुलगे वैतागले. एकजण म्हणाला, मला नाड्या बांधता येत नाहीत. म्हटलं, शिक. शिकला. पुढं धाकटी मुलं आपण होऊन त्याच्याकडे जाऊ लागली. सांभाळणं वाईट, असं मी म्हणत नाही. ते एकाच्याच वाट्याला घालू नये, एवढंच म्हणणं आहे.

त्या मुलीची आई मला भेटायला आली. म्हणाली, "घरी भावाला बघ म्हटलं तर सांगते, थांब, माझं काम चाललंय. हे तुमच्याकडून शिकली का?" मी हो म्हटलं. त्या बाई दिवसभर नोकरी करतात, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मुलीनं हात दिला नाही तर त्यांचंच ओझं वाढतं, हे मला दिसत होतं. मी विचारलं, भावाचे वडील किती वाजता येतात? त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "साडेसहाला. पण आजवर त्यांना कुणी सांगितलंच नाही."

घरात पुढं काय झालं, ते मला माहीत नाही. मार्चमध्ये तिचा भागाकार पूर्ण झाला. दोन दिवस लागले. बाकी सात उरली होती, ती तिनं वहीत ठसठशीत लिहून ठेवली.

तुमच्यापैकी ज्या शिकवतात, बालवाडी चालवतात, किंवा घरात एक मुलगी आणि एक मुलगा वाढवतात, त्यांना माझी विनंती एवढीच: आठवडाभर लिहून ठेवा, काम चालू असताना कुणाला किती वेळा उठवलं. आणि पुढच्या बैठकीला ती पानं घेऊन या.