फोटोतली दरी आणि खरी दरी

आजचा एपिसोड ट्रेकला जाणाऱ्या, पण वेगळा कॅमेरा न नेणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. खिशात फोन आहे, तो चार्ज आहे, तेवढं बास.

मी सोमवार ते शुक्रवार कोड लिहितो आणि जमेल त्या शनिवार-रविवारी सह्याद्रीत असतो. कुठल्याही गडावर, कुठल्याही कड्यावर एक वाक्य हमखास कानावर येतं. फोटो काढणारा फोन डोळ्यांसमोर धरून समोरच्याला म्हणतो, ‘थोडा मागे जा. अजून थोडा. बास बास, तिथेच थांब!’ आता बघा, जो मागे जातोय त्याची पाठ दरीकडे आहे आणि चेहरा हसरा आहे. जो सांगतोय तो स्क्रीनकडे बघतोय, आणि स्क्रीनवर खोली कळत नाही. म्हणजे दरीकडे दोघांपैकी एकाचंही लक्ष नाही. आजचा सगळा एपिसोड या एका वाक्यावर आहे. कारण हे वाक्य धोकादायक तर आहेच, शिवाय फोटोसाठी त्याची गरजही नसते.

फोटोत माणूस ‘अगदी टोकावर’ कशामुळे दिसतो? त्याच्या पायांच्या मागे जमीन किती दिसते, त्यावरून. पायांमागे खडकाचा रुंद पट्टा दिसला, की टोक लांब वाटतं. पट्टा दिसलाच नाही, की वाटतं हा टोकावरच उभा आहे. आणि हा पट्टा किती रुंद दिसणार हे कॅमेऱ्याच्या उंचीवरही ठरतं.

थोडं गणित करू, घाबरू नका. समजा मित्र कडेपासून १० फूट आत उभा आहे आणि तुम्ही त्याच्यापासून १५ फुटांवर, आणखी आत. फोन डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे साधारण ५ फुटांवर धरलात, तर त्याच्या मागचा १० फुटांचा खडक त्याच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त दिसतो. आता जमिनीवर बसा आणि फोन घोट्याच्या उंचीवर, अर्ध्या फुटावर आणा. उंची दहापट कमी झाली, की तो पट्टाही दहापट बारीक होतो. मित्र जागचा हललेला नाही, तरी फोटोत त्याच्या पायांमागे थेट आभाळ आणि समोरची डोंगररांग. फोन उलटा धरलात तर लेन्स खाली येते आणि आणखी सोपं जातं. थोडक्यात, मित्राला मागे ढकलू नका, फोन खाली घ्या.

यात एक मर्यादा आहे. खालून काढलेल्या फोटोत दरीचा तळ दिसत नाही. समोर ढग असतील, डोंगररांग असेल, तेव्हा हा अँगल मस्त लागतो. पण दरीची खोली दाखवायची असेल तर दुसरी युक्ती, ती म्हणजे बाजूने फोटो काढणं.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा डोळ्यांसमोर आणा. तो सरळ भिंतीसारखा नाही, वाटीसारखा आत वळलेला आहे. म्हणून एका बाजूला उभं राहिलं, की दुसऱ्या बाजूची अख्खी भिंत समोर दिसते. मित्र तिकडच्या बाजूला कडेपासून आत निवांत बसलेला, तुम्ही इकडच्या बाजूला तसेच आत. फ्रेममध्ये खाली शेकडो फुटांचा काळा कातळ आणि वर मुंगीएवढा माणूस. कड्याचं खरं मोठेपण या फोटोत कळतं. टोकावर पाय सोडून काढलेल्या सेल्फीत कडा दिसतच नाही, दिसतात फक्त बूट.

तिसरी युक्ती झूमची. जीवधनवर गेलात की शेजारी वानरलिंगीचा सुळका उभा असतो. मित्र १० फुटांवर असताना १ एक्सवर फोटो काढला, तर सुळका मागे केविलवाणा दिसतो. मोकळ्या, सपाट जागी तुम्ही ३० फुटांवर या आणि ३ एक्स लावा. मित्र तेवढाच राहतो, पण सुळका तिप्पट मोठा दिसतो. मात्र मागे येताना फोन खाली, मान वळवून, जमीन बघत चालायचं. उलट्या पावलांनी येणं नाही. ज्यांच्या फोनला टेलिफोटो लेन्स नाही त्यांनी २ एक्सवर थांबावं. त्यापुढे फोन बहुतेक वेळा फोटो कापून ताणतो, नवीन तपशील येत नाही.

आता उजेड. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून संध्याकाळी सूर्य समोर असतो आणि मित्राचा चेहरा काळा पडतो. त्याच्याशी भांडू नका, त्याची सावलीसारखी आकृतीच घ्या. स्क्रीनवर आभाळावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्सपोजर लॉक होईल. मग एक्सपोजर थोडं खाली ओढा. रंग गडद होतात, आकृती स्वच्छ येते. धुक्यात याच्या उलट. पांढरं धुकं फोनला जास्त उजेड वाटतं, म्हणून तो फोटो अंधारा करतो आणि धुकं मळकट राखाडी येतं. तिथे एक्सपोजर थोडं वर न्या. आणि कुठल्याही सेटिंगच्या आधी लेन्स पुसा! पावसाळ्यात ‘फोटो धुरकट येतायत’ या तक्रारीमागे बऱ्याचदा लेन्सवरचा घाम आणि पाणी असतं. एक कोरडा रुमाल प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळा ठेवा.

कोकणकड्याचा विषय निघालाच आहे तर इंद्रवज्राबद्दल बोलायला हवं. सूर्य पाठीमागे, दरीत धुकं, आणि त्या धुक्यावर पडलेल्या आपल्या सावलीभोवती गोल इंद्रधनुष्य. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने हरिश्चंद्रगडावर पाहिलेल्या या गोलाचं वर्णन १८३५ साली प्रसिद्ध केलं होतं. सूर्य मागे आणि दरी पुढे हवी, म्हणून कोकणकड्यावर ते सकाळी दिसू शकतं. ते दिसलं की ओरडा होतो आणि सगळे कडेकडे धावतात. अशा वेळी लक्षात ठेवा, प्रत्येकाला दिसणारा गोल त्याच्या स्वतःच्या डोक्याच्या सावलीभोवती असतो. दुसऱ्याला ढकलून त्याच्या जागी गेलात तरी दिसणार तुमचंच इंद्रवज्र. म्हणून एकेकाने पुढे जायचं, बसून बघायचं, फोटो घ्यायचा आणि मागे यायचं.

आता आमच्या ग्रुपचे नियम सांगतो. तुम्हीही घ्या.

पहिला नियम, फोटो काढणाऱ्याने फक्त ‘पुढे ये’ म्हणायचं. ‘मागे जा’ हे शब्द कड्यावर बंद. फ्रेम जमत नसेल तर हलायचं फोनवाल्याने, आणि तेही फोन खाली करून.

दुसरा, उभं राहायची जागा फोन खिशात असतानाच ठरवायची. खडक कोरडा आहे का? शेवाळ आहे का? उतार दरीकडे आहे का? कडेवर गवत दाट दिसलं तरी त्याच्या खाली खडक असेलच असं नाही. शंका आली की जागा बदलायची.

तिसरा, पाठीवरची सॅक उतरवायची. सॅकचं वजन तोल मागे खेचतं, आणि वारा आला की तीच सॅक धक्का देते.

चौथा, तिसऱ्या माणसाने फोटो बघायचा नाही. त्याने पाय बघायचे, दोघांचेही. त्याने ‘थांब’ म्हटलं की थांबायचं, वाद नाही.

काहींना वाटेल, हे एवढं सगळं केलं तर मजा काय राहिली? मला तर उलट वाटतं. कड्यावर भीती नसली, की माणूस खरा हसतो. खांदे सैल पडतात, नजर समोरच्या डोंगरावर जाते. टोकावर उभ्या माणसाचं हसू ताणलेलं असतं, आणि ते फोटोत दिसतं.

आणि अजून एक गोष्ट. टोकावरचा फोटो आपण पोस्ट करतो तेव्हा तो पुढच्या शनिवारी तिथे जाणाऱ्या पोरांसाठी नमुना बनतो. त्यांना वाटतं, इथे उभं राहतातच. म्हणून घोट्याच्या उंचीवरून काढलेला फोटो टाकलात, तर खाली एक ओळ लिहा, ‘कडेपासून १० फूट आत, फोन जमिनीजवळ.’ लाइक कमी होणार नाहीत. उलट लोक विचारतील, कसा काढला?

या आठवड्याचा गृहपाठ. ट्रेकची वाट बघू नका. शाळेच्या मैदानावरचा दोन फुटी कट्टा किंवा देवळाचा पार चालेल. मित्राला कडेपासून बराच आत उभं करा. एक फोटो उभ्याने, एक बसून, एक फोन उलटा धरून घोट्याजवळून. तिन्ही शेजारी ठेवून बघा. हात एकदा बसला, की गडावर गेल्यावर ‘मागे जा’ हे शब्द तोंडात येणारच नाहीत.

हा एपिसोड तुमच्या ट्रेकच्या ग्रुपवर टाका. खास करून त्या मित्राला, ज्याच्याकडे ग्रुपमधला सगळ्यात भारी फोन आहे. कड्यावर सगळे त्याचंच ऐकतात ना! चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.