'मी-सेवा' कुणाची?

वीज-पाण्याची बिलं एकाच खिडकीवर भरायची ई-सेवा 2001 साली याच हैदराबादेत सुरू झाली. 2011 ला 'मी-सेवा' आली. (नाव मराठी वाटतं ना? तेलुगूत 'मी' म्हणजे 'तुमची'!) रांगा घटल्या, हे मान्यच. पण आदिलाबादकडचे आमचे आजोबा कोऱ्या कागदावर मराठीत अर्ज लिहायचे. कारकून कुरकुरत का होईना, घ्यायचा. आता दुसराच कुणी तेलुगूत टाइप करतो. काय लिहिलंय, आजोबांना वाचता येत नाही. अंगठा मात्र त्यांचाच. संविधानाचं कलम 350 सांगतं, तक्रारीचं निवेदन राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. ते फक्त कागदापुरतं नाही. तर पुढची तक्रार ऑनलाइन, मराठीतच टाका. पावतीचा स्क्रीनशॉट ठेवा. नाकारली, तर तोही ठेवा.