‘टू’ला जुळणारे अकरा शब्द

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



‘शाळेने मला काय दिलं’ यावर मी बोलावं, असं संयोजकांनी सांगितलं आहे. माझ्या आधीच्या वक्त्यांनी ती यादी छान केली. मी इथून एक गोष्ट न विचारता उचलून नेली होती. आज तिच्याबद्दल बोलतो.

जुलै १९८३. आपण विश्वचषक जिंकून महिनाही झाला नव्हता. धो धो पाऊस होता आणि निम्मा वर्ग गैरहजर. बाईंनी धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर एकच शब्द लिहिला : ‘टू’, म्हणजे दोन. टी-डब्ल्यू-ओ. म्हणाल्या, “याच्याशी यमक जुळणारे इंग्रजी शब्द लिहा. दहा मिनिटं. मग शेजाऱ्याशी वही बदलून तपासा. शब्दाला एक मार्क.”

आपण पाचवीत ए-बी-सी-डी शिकलेली मुलं. मी वर्गात पहिला, त्यामुळे जरा तोऱ्यातच होतो. पण टी-डब्ल्यू-ओसारखं दिसणारं दुसरं काही सापडेना. शेवटी ‘ओ’ने संपणारे शब्द आठवत बसलो. ‘टू’, ‘टू’, ‘डू’, ‘हू’, ‘झू’. म्हणजे टी-ओ, टी-ओ-ओ, डी-ओ, डब्ल्यू-एच-ओ आणि झेड-ओ-ओ. पाच झाले. ‘गो’, ‘नो’, ‘सो’ दिसत होते, पण ते काही जुळत नव्हते. ‘चुपके चुपके’त धर्मेंद्रने यावरूनच सगळ्या देशाला हसवलं होतं.

त्या दिवशी माझ्या शेजारी मागच्या बाकावरचा एक मुलगा येऊन बसला होता, कारण त्याच्या बाकावर छत गळत होतं. त्याचं नाव घेत नाही. तो तिसऱ्या रांगेत बसला आहे आणि आत्ताच त्याने डोळ्यांनी ‘नको’ म्हटलं. वडिलांचं सायकलचं दुकान होतं, शाळा सुटली की तो तिथे पंक्चर काढायचा आणि दुकानातल्या ट्रान्झिस्टरवर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायचा. थोडा वेळ हिंदी, थोडा वेळ इंग्रजी.

त्याची वही माझ्याकडे आली. तिच्यात अकरा शब्द होते, सगळे देवनागरीत. थ्रू, फ्यू, न्यू, व्ह्यू, ड्यू, ब्लू, ट्रू, शू, क्यू, स्क्रू, यू.

मी ते मनात वाचले. सगळे जुळत होते. हे मला तेव्हाच कळलं, हे आज कबूल करतो. तरी मी लाल पेनाने अकरा फुल्या मारल्या, खाली ‘स्पेलिंग नाही’ असं लिहिलं आणि बाईंना मोठ्याने सांगितलं, “बाई, शून्य.” वर्ग हसला. माझ्या पाच शब्दांना पाच मार्क मिळाले. बाई, तुमचा यात काही दोष नाही. वही तुमच्यापर्यंत पोचलीच नाही.

मधल्या सुट्टीत मी त्याला विचारलं, “तुला एवढे सुचले कसे रे?” राग वगैरे काही नाही. तो म्हणाला, “सोपंय. ‘टू’मधला ‘ऊ’ धरायचा आणि बाराखडीसारखं म्हणत जायचं. कू, खू, गू...” इथे आम्ही दोघंही हसलो. “...चू, जू, डू, नू, फू. ओळखीचा शब्द भेटला की थांबायचं. मग तेच ‘यू’ लावून : क्यू, न्यू, फ्यू. मग ‘रू’ आणि ‘लू’ लावून : थ्रू, ट्रू, ब्लू.” फिल्डरच्या मधून चेंडू गेला आणि दोन धावा झाल्या की कॉमेंटेटर ‘थ्रू’ आणि ‘टू’ एका दमात म्हणतो, ते त्याच्या कानात बसलं होतं. ‘स्क्रू’ दुकानातला.

पुढे मी इंग्रजीचा प्राध्यापक झालो आणि त्या तासाचा हिशोब मला नीट कळला. इंग्रजीत यमक कानाने ठरतं. जोर असलेल्या शेवटच्या स्वरापासून पुढचा उच्चार सारखा हवा आणि त्याच्या आधीचं व्यंजन वेगळं हवं. स्पेलिंगचा संबंध नाही. ‘थ्रू’ची सात अक्षरं आणि शेवटी ‘जी-एच’, ‘शू’च्या शेवटी ‘ओ-ई’, ‘व्ह्यू’च्या शेवटी ‘आय-ई-डब्ल्यू’, आणि ‘क्यू’मध्ये तर पहिल्या अक्षरामागे चार अक्षरं नुसती रांगेत उभी. डोळ्याला ही एका घरातली वाटतच नाहीत.

असं झालं, कारण कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना आणला, स्पेलिंगं हळूहळू पक्की होत गेली, आणि बोलणं मात्र बदलत राहिलं. ‘थ्रू’मधला ‘जी-एच’ आणि ‘टू’मधला ‘डब्ल्यू’ एके काळी उच्चारले जायचे. ‘ट्वेल्व्ह’ आणि ‘ट्वेंटी’मध्ये तो ‘व’ अजून ऐकू येतो. आपल्याकडेही ‘द्वि’मधला ‘व’ ‘दोन’मध्ये हरवला आणि ‘बारा’, ‘बावीस’मध्ये ‘ब’ होऊन राहिला.

आणि माझे पाच मार्क? दोन्ही ‘टू’ बाद. फळ्यावरच्या शब्दाशी त्यांचा उच्चार तंतोतंत एक, व्यंजनसुद्धा तेच. मोरोपंतांनी ते यमक म्हणून आनंदाने घेतलं असतं, इंग्रजीत ते धरत नाहीत. म्हणजे माझे तीन बरोबर आणि याचे अकराच्या अकरा.

मार्च १९८४ च्या निकालात तो इंग्रजीत गेला. ऑक्टोबरला बसून सुटला, पण तोवर कॉलेजचे प्रवेश संपले होते आणि दुकान समोर होतं. माझ्या शून्यामुळे तो नापास झाला असं मी म्हणत नाही, तेवढं महत्त्व मला नाही. पण ज्या एका तासाला तो इंग्रजीत सगळ्या वर्गाच्या पुढे होता, तो तास मी त्याच्याकडून काढून घेतला.

त्याहून वाईट पुढे आहे. तीस वर्षं मी कॉलेजात यमक शिकवलं. मराठी माध्यमातून आलेली मुलं घाबरून बसली की मी सांगायचो, “तुमच्याकडे बाराखडी आहे, ती उच्चारांच्या क्रमाने लावलेली आहे. स्वर धरा आणि म्हणत जा.” मुलं ‘गू’ला हसायची आणि त्यांची भीती जायची. “सर, ही युक्ती तुमची का?” असं कोणी विचारलं की मी नुसता हसायचो. नाव कधी सांगितलं नाही.

आज सकाळी त्याच्या दुकानात गेलो आणि हे सगळं त्याला सांगितलं. त्याला तो तास आठवत नव्हता. फुल्याही आठवत नव्हत्या. थोडा विचार करून म्हणाला, “‘ग्लू’ राहिला की रे. पंक्चरचं सोल्यूशन रोज हातात असायचं.”

बाई, तुमच्या परवानगीने मार्क बदलतो. त्याचे अकरा, आणि आजचा एक धरून बारा. माझे तीन. तुमच्या वहीत तशी नोंद करा.