अर्धवट राहिलेलं बी.कॉम. आणि सहीचा अधिकार



बारामतीच्या मार्केट यार्डात गुळाचे सौदे उरकले की आडतीच्या गाळ्यावर हिशोबपट्ट्या तयार होऊ लागतात. ढेपा किती, वजन किती, दर काय, त्यातून हमाली वजा, तोलाई वजा आणि खाली शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम. संगणकापुढे बसलेली मुलगी हे सगळं टॅलीत चढवते आणि संध्याकाळी रोकड पैशापैशानं जुळवून उठते. तिकडे इंदापूरला दूध संकलन केंद्रात, पतसंस्थेत, खताच्या दुकानात अशीच मुलं-मुली आहेत. त्यांतली कितीतरी बी.कॉम.च्या एस.वाय.ला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला थांबलेली. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचे वडील अंथरुणाला खिळले, कुणाला उसाच्या पैशात एकाच भावंडाची फी भागते म्हणून मागं राहावं लागलं. हिशोब त्यांना उत्तम येतो. पण त्याच हिशोबावर तपासनीस म्हणून सही करायला बाहेरचा माणूस येतो, कारण त्याच्याकडे परवाना आहे. आज मला या मुलामुलींशीच बोलायचं आहे.

पहिली गोष्ट अशी की तुमची ती दोन वर्षं वाया गेली असं धरून चालू नका. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२१च्या जुलैमध्ये अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम काढले. डिजिलॉकरमधून तिथं विद्यार्थ्याचं खातं उघडतं आणि पास झालेल्या प्रत्येक विषयाची क्रेडिट कॉलेज आणि विद्यापीठामार्फत त्यात जमा होतात. थिअरीचे पंधरा तास म्हणजे एक क्रेडिट. फायनान्शियल अकाउंटिंगचा चार क्रेडिटचा पेपर सुटला असेल, तर वर्गातले साठ तास तुमच्या नावावर पक्के झाले. आपल्या राज्यात नव्या शैक्षणिक धोरणानुसार वर्षाला ४० ते ४४ आणि तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात. एटीकेटी राहिलेल्या विषयाचं मात्र काही जमा होत नाही.

ही क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं चालतात. म्हणून मी घाई करायला सांगतो आहे. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर रीतसर प्रमाणपत्र वा पदविका घेऊन बाहेर पडलेल्यांना तीन वर्षांच्या आत परत यावं लागतं. शिवाय ज्या संस्थेची पदवी घ्यायची, तिथली निदान निम्मी क्रेडिट हवीत. सगळा अभ्यास एकीकडे आणि शेवटचं सेमिस्टर दुसरीकडे, असं जमत नाही.

आता प्रत्यक्षात अडतं कुठं? इंदापूरचं कॉलेज आणि बारामतीचं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय, दोन्ही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाखाली. पदवी एकाच विद्यापीठाची. पण तुळजाराम चतुरचंद स्वायत्त आहे, त्याचा अभ्यासक्रम त्याचा स्वतःचा. त्यामुळं इंदापूरला दुसऱ्या वर्षात झालेला कॉस्टिंगचा पेपर बारामतीला तिसऱ्या वर्षात असू शकतो. प्रवेश घेण्याआधी दोन्हीकडचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून विषयवार जुळवणी करून घ्या आणि कोणते विषय धरले, कोणते पुन्हा द्यायचे, हे कार्यालयाकडून लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर फी भरू नका. विद्यापीठच बदलणार असाल, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाकडे वळणार असाल, तर मायग्रेशन सर्टिफिकेट आधी काढून ठेवा.

मुलींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. क्रेडिटचं खातं आधारवरच्या नावानं उघडतं. लग्नानंतर आधारवर नाव बदललेलं आणि गुणपत्रिकेवर माहेरचं, असं असेल तर जुळणी होत नाही आणि जमा असलेली क्रेडिटही दिसत नाहीत. राजपत्रातली नावबदलाची नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र घेऊन हे आधी सरळ करा. अभ्यास झेपतो, पण या एका कागदापायी वर्ष जातं, हे मला फार लागतं.

पदवी कशासाठी पुरी करायची? कारण परवान्याच्या दारात सुटी क्रेडिट कुणी विचारत नाही, बहुतेक ठिकाणी पुरी पदवी विचारतात. सनदी लेखापालाचंच घ्या. बारावीनंतर फाउंडेशन ही पहिली परीक्षा देऊन त्या अभ्यासक्रमाला जाता येतं, त्याला पदवी लागत नाही. पण वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के गुण असतील आणि लेखा, ऑडिट, करआकारणी, कॉस्टिंग अशा ठरलेल्या विषयांचे शंभर-शंभर गुणांचे किमान तीन पेपर झाले असतील, तर फाउंडेशन टळतं आणि थेट इंटरमीडिएटला नोंदणी होते. म्हणजे उरलेली क्रेडिट भरताना सोपे विषय उचलून नुसती बेरीज पुरी केली, तर पुढं दार बंद होऊ शकतं. इंटरचे दोन्ही ग्रुप सुटल्यावर आर्टिकलशिप, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण लागतं. ते पूर्वी तीन वर्षांचं होतं, २०२३च्या जुलैपासून दोन वर्षांचं झालं. घर चालवणाऱ्यांसाठी हा फरक मोठा आहे. कॉस्ट अकाउंटंटच्या अभ्यासक्रमालाही पदवीधराला थेट इंटरमीडिएटला बसता येतं.

पण आपल्या तालुक्यांसाठी मला सगळ्यात जवळची वाटते ती सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए., म्हणजे सहकार आणि लेखा डिप्लोमाची परीक्षा. सोसायट्या, पतसंस्था, दूध संस्था इथं गावोगाव आहेत आणि दर वर्षी त्यांचं लेखापरीक्षण कायद्यानंच करावं लागतं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात प्रमाणित लेखापरीक्षकासाठी काय हवं ते लिहिलं आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी, हा डिप्लोमा, संस्थांच्या कामकाजाची चांगली माहिती, त्यांच्या लेखापरीक्षणाचा अनुभव आणि मराठीचं ज्ञान. कामकाजाची माहिती तुमच्यातल्या कितीतरी जणांना आहे, मराठी आहे, डिप्लोमाचा अभ्यास नोकरी सांभाळून होतो, लेखापरीक्षणाचा अनुभव पुढं मिळवायचा. आधी अडते ती पदवी.

क्रेडिट थोडी थोडी जमवून परवान्यापर्यंत जाणं बाहेरही चालत आलं आहे. अमेरिकेत सी.पी.ए., म्हणजे तिथला परवानाधारक लेखापाल होण्यासाठी बहुतेक राज्यांत बरीच वर्षं दीडशे क्रेडिट तास मागितले गेले आणि साधी पदवी एकशेवीसची. वरचे तीस लोकांनी नोकरी करत, संध्याकाळच्या वर्गांत, स्वस्त कम्युनिटी कॉलेजांतून जमवले. आपल्याकडेही इग्नूनं सनदी लेखापालांच्या संस्थेबरोबर एक बी.कॉम. चालवलं होतं, त्यात संस्थेच्या परीक्षेचे विषय पदवीच्या हिशोबात धरले जात. एका ठिकाणचं शिक्षण दुसरीकडे धरणं ही कुणावर केलेली मेहेरबानी नाही. कॉलेजच्या खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांनीही ते तसंच समजावं, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

ज्यांची सात वर्षं उलटून गेली, त्यांनी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यास केंद्रात नव्यानं नाव घालावं, तेही कमीपणाचं नाही. आणि ज्यांची मुदत अजून आहे, त्यांनी या आठवड्यात ट्रंकेतल्या गुणपत्रिका बाहेर काढाव्यात, डिजिलॉकरवर आपलं खातं उघडून पाहावं आणि प्रवेश सुरू व्हायच्या आत कॉलेजच्या कार्यालयात जाऊन विषयांची जुळवणी मागावी.