मुक्या जीवांवरील किरणोपचार आणि डॉ. डोनाल्ड थ्रॉल यांचें कार्य

(ज्युबिलीनिमित्त झालेल्या व्याख्यानमालेंतील भाषण)



या व्याख्यानमालेंत एखाद्या संताचें अथवा मिशनऱ्याचें चरित्र आम्ही सांगूं अशी आपली अपेक्षा असेल. ती मोडून आज आम्ही एका पशुवैद्याविषयीं बोलणार आहों. त्याचें कारण असें. जानेवारीच्या १७ तारखेस, मठवासी संत अंतोन यांच्या सणास, आपण गाईबैल, शेळ्या, कुत्रीं देवळाच्या आवारांत आणतां व आम्ही त्यांच्यावर आशीर्वादाचें पाणी शिंपडतों. त्या वेळीं कोणी ना कोणी एक प्रश्न विचारतोच : "फादर, येथें माणसाला औषध मिळत नाहीं, आणि परदेशांत कुत्र्याच्या कर्करोगावर पैसा ओततात, हें पाप नव्हे काय?" प्रश्न खरा आहे. त्याचें उत्तर देवळाच्या पायरीवर उभ्या उभ्या देतां येत नाहीं, म्हणून हें भाषण.

आपल्या पवित्र शास्त्रांत तोबीताचा ग्रंथ आहे. आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंनीं तो शास्त्रांत धरलेला नाहीं, आणि त्यामुळें एक फार गोड गोष्ट त्यांच्या मुलांच्या कानांवरून सहसा जात नाहीं असें आम्हांस नेहमीं वाटतें. तरुण तोबिया प्रवासास निघतो. बरोबर राफाएल देवदूत चालतो, आणि मागोमाग घरचा कुत्रा. राफाएल या नांवाचा अर्थच 'देव बरें करतो' असा आहे. याच प्रवासांत नदींतला एक मासा हातीं लागतो व त्याच्या पित्तानें तोबियाच्या आंधळ्या पित्यास दृष्टि येते. एकाच कथेंत एक प्राणी औषध होतो व दुसरा सोबती राहतो. ज्या शास्त्राविषयीं आम्ही बोलणार आहों त्यांतहि प्राण्यांची हीच दोन स्थानें आहेत, आणि सगळी अडचण तेथेंच आहे.

रोंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध १८९५ च्या नोव्हेंबरांत लागला. पुढल्याच वर्षीं घोड्याच्या पायाचीं चित्रें काढण्यास पशुवैद्यांनीं आरंभ केला. त्या काळीं घोडा म्हणजे गाडी, नांगर आणि पलटण, तेव्हां त्यांत नवल नाहीं. पुढें व्हिएन्ना येथें पॉमर यांनीं जनावरांवरील किरणोपचारास पद्धतशीर रूप दिलें, आणि अमेरिकेंत कोलोरॅडो राज्य विद्यापीठांत डॉ. एडवर्ड गिलेट यांनीं ही विद्या वाढविली. डॉ. डोनाल्ड थ्रॉल हे गिलेट यांच्या हाताखालीं तयार झालेले.

१९७५ सालीं थ्रॉल, गिलेट व ड्यूई या तिघांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. उंदराच्या निरोगी मांसावर व त्याच्या कर्करोगाच्या गांठीवर किरण आणि उष्णता यांचा परिणाम काय होतो, हा त्याचा विषय. उष्णता कशासाठीं, असें आपण विचाराल. गांठ वाढत जाते तसतसा तिच्या कांहीं भागास रक्ताचा पुरवठा अपुरा पडतो. तेथील पेशींना प्राणवायु मिळत नाहीं, आणि प्राणवायूवांचून असलेली पेशी किरणांना सहजासहजीं दाद देत नाहीं. उष्णतेचें उलट आहे. रक्त कमी असेल तेथें ती टिकून राहते आणि याच हट्टी पेशींना अधिक बाधते. शिवाय किरणांनीं झालेली इजा भरून काढण्याची पेशींची शक्तिहि ती खच्ची करते.

कल्पना चांगली होती, पण माणसांवरील आरंभींच्या कांहीं प्रयोगांत तिचा गुण दिसला नाहीं. कारण साधें होतें. गांठ सारखी तापत नाहीं. चुलीवर मोठें भांडें ठेवलें कीं तळ करपतो व वरचें कोमट राहतें, हें आपल्या भगिनींना सांगावयास नको. गांठीचा एक कोपरा थंड राहिला तर रोग तेथूनच पुन्हां डोकें वर काढतो. म्हणून सर्वांत तापलेल्या जागेकडे पाहून चालत नाहीं. बारीक नळ्यांतून गांठींत तापमापकें घालून शंभरांतील नव्वद ठिकाणें निदान किती तापलीं, त्यावरून मात्रा ठरवावी लागते. ही मात्रा '४३ अंशांवर इतकीं मिनिटें' अशा मापानें सांगतात.

डॉ. थ्रॉल पुढें उत्तर कॅरोलिनांतील रॅले येथील राज्य विद्यापीठांत आले. जवळच डरहॅम येथें ड्यूक विद्यापीठ आहे. तेथें माणसांवर उपचार करणारे डॉक्टर आणि येथें जनावरांचे, अशी दोहोंची जोडी जमली. त्यांनीं १२२ कुत्रे घेतले. हे प्रयोगासाठीं वाढविलेले नव्हते. ते लोकांच्या घरचे होते व त्यांना सार्कोमा हा मांसाचा कर्करोग आपोआप झालेला होता. किरणोपचार सर्वांनाच दिला. उष्णता मात्र, चिठ्ठ्या टाकाव्या तशी निवड करून, कांहींना २ ते ५ मिनिटांच्या मापाची व कांहींना २० ते ५० मिनिटांच्या मापाची दिली. २००५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला : जास्त मात्रा ज्यांना पोंचली त्यांची गांठ अधिक काळ दबून राहिली. उंदरांपासून येथवर येण्यास तीस वर्षें लागलीं. परीक्षेचा निकाल आठवड्यांत लागला नाहीं तर रडकुंडीस येणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनीं हा आंकडा लक्षांत ठेवावा.

याच २००५ सालीं ड्यूकच्या डॉक्टरांचा माणसांवरील प्रयोगहि प्रसिद्ध झाला. गांठ तापते कीं नाहीं हें आधीं पाहावयाचें आणि मगच पुढें जावयाचें, ही रीत त्यांचीहि होती. रोगी १०९ होते. स्तनाचा कर्करोग छातीवर उलटलेल्या स्त्रिया त्यांत पुष्कळ होत्या. नुसत्या किरणांनीं शेंकडा ४२ जणांची गांठ पूर्ण नाहींशी झाली, तर किरणांस उष्णतेची जोड दिली तेव्हां शेंकडा ६६ जणांची. पूर्वीं एकदां किरण घेतलेल्या, म्हणजे आतां ज्यांना थोडेच किरण देतां येतात अशा रोग्यांत तर फरक २४ व ६८ असा पडला. आयुष्य मात्र त्यामुळें वाढल्याचें दिसलें नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. पण छातीवरची वाहती जखम भरणें म्हणजे काय, हें अशा घरीं आजाऱ्यास पवित्र तेल लावावयास गेलेल्या धर्मगुरूस विचारा.

डॉ. थ्रॉल यांचें दुसरें कार्य चित्रांचें. पशुवैद्यकीय क्ष-किरणनिदानावरील त्यांनीं संपादिलेला मोठा ग्रंथ १९८६ सालीं निघाला व २०१८ सालीं त्याची सातवी आवृत्ति आली. आमच्यासारख्या परक्यालाहि ही विद्या मोठी रंजक वाटते. क्ष-किरणांच्या चित्रांत मुख्य छटा पांचच : वायु काळा, मग चरबी, मग पाणी व मांस, मग हाड, आणि सर्वांत पांढरा धातु. पाणी व मांस यांची छटा एकच असल्यामुळें छातींत पाणी सांचलें कीं हृदयाची कडा पुसून जाते. एका चित्रावर विसंबून चालत नाहीं, दुसरें त्याच्याशीं काटकोनांत घ्यावें लागतें. त्यांत कुत्र्यांच्या जाती किती! खोल, अरुंद छातीच्या ग्रेहाउंडाच्या मापानें पाहिलें तर रुंद छातीच्या कुत्र्याचें निरोगी हृदयहि रोगट वाटावें. आणि रोगी सांगत नाहीं कोठें दुखतें तें. किरण देतांना तो स्वस्थहि पडून राहत नाहीं, म्हणून प्रत्येक वेळीं भूल द्यावी लागते. एका उपचाराला पंधरा-वीस वेळांहि.

आतां आपला प्रश्न. १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'कॅटेकिझम' या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथांत त्याचा विचार आहे. मनुष्याचा जीव वांचविण्यास किंवा त्याची शुश्रूषा करण्यास उपयोग होत असेल तर योग्य मर्यादेंत प्राण्यांवर प्रयोग करण्यास ख्रिस्तसभा मोकळीक देते. उगाच त्यांना यातना देणें मात्र मनुष्याच्या थोरवीस शोभत नाहीं. आणि मनुष्याचें दुःख निवारण्याकडे जो पैसा आधीं जावयास हवा तो जनावरांवर उधळणेंहि योग्य नाहीं, असेंहि त्याच ठिकाणीं म्हटलें आहे.

या मापानें आमचें मत असें आहे. त्या १२२ कुत्र्यांच्या बाबतींत पाप नाहीं. त्यांना दुखणें कोणीं लावलें नव्हतें. त्यांच्यावर उपचार झाला व त्यांतून निघालेलें ज्ञान माणसांच्याहि कामीं आलें. उंदरांचा हिशेब निराळा आहे. त्यांना त्यांतून कांहींच मिळालें नाहीं, आणि तें आम्ही गोड करून सांगणार नाहीं. त्यांच्या बाबतींत शास्त्रज्ञाला दरवेळीं नव्यानें विचारावें लागतें कीं, इतके जीव लागतातच काय, व त्यांच्या वेदना कमी करतां येतील काय. राहिला पैशाचा प्रश्न. ज्याच्या शेजाऱ्याची चूल पेटलेली नाहीं त्यानें आपल्या कुत्र्यावर लाखों रुपये खर्चावे, यास आम्ही आशीर्वाद देणार नाहीं. पण घरांतल्या म्हाताऱ्या गाईस सलगीनें वागवून गुरांच्या डॉक्टरास वेळेवर बोलावणाऱ्या गरिबाला ऐपतीबाहेर वागतोस म्हणून जे हिणवतात, त्यांनीं शब्बाथ दिवशीं विहिरींत पडलेल्या बैलाविषयीं प्रभु येशूनें परूश्यांना काय विचारलें तें लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायांत वाचावें.

शेवटीं मुलामुलींच्या आईबापांस एक माहिती. रॅले आणि डरहॅम यांमध्यें कांहीं कोसांचें अंतर आहे. मुंबईस परळांत १८८६ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि त्याच परळांत १९४१ सालीं उघडलेलें टाटा स्मारक रुग्णालय आहे. आपल्या धर्मग्रामांतील ज्यांना गुरांचा डॉक्टर होण्याची इच्छा आहे, परंतु घरीं सांगण्यास संकोच वाटतो, त्यांनीं रविवारच्या मिस्सेनंतर आम्हांस येऊन भेटावें. घरच्यांशीं आम्ही बोलूं.