आपल्या मापाची पॅन्ट

(१ ऑक्टोबर रोजी, ज्येष्ठ नागरिक दिनानिमित्त सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेबांनी मला बोलायला सांगितलं तेव्हा त्यांची कल्पना अशी होती, की मी मुदत ठेवी, नामनिर्देशन नाहीतर मृत्युपत्र यावर बोलेन. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाने दुसरं काय बोलायचं? मी म्हटलं, मी पॅन्टवर बोलतो. फोनवर जरा शांतता पसरली. पण माझा विषय चेष्टेचा नाही.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, की मी शिंप्याच्या घरातला. वडिलांचं वाईला छोटं दुकान होतं. काजं करणे, बटणं लावणे, उसवणे ही कामं मी चौथीपासून केली आहेत. पुढे बी. कॉम. झालो, बँकेत लागलो आणि मशीन सुटलं. निवृत्तीनंतर पुन्हा बसलो. बी विंगमधल्या बऱ्याच जणांच्या पॅन्टा माझ्याकडून आखूड झालेल्या आहेत, हे इथे हसणाऱ्यांना ठाऊक आहेच.

आता मुद्दा. तयार पॅन्ट आपल्याला नीट का बसत नाही? आपल्या देशात निफ्ट या संस्थेने भारतीय शरीराची मापं ठरवण्यासाठी मोठा प्रकल्प हाती घेतला. मुंबईसह सहा शहरांत पंचवीस हजार माणसांची मापं यंत्राने घ्यायची, अशी योजना. काम चांगलंच आहे. पण त्यातली वयोमर्यादा वाचा : १५ ते ६५. म्हणजे या खोलीतली बहुतेक माणसं मोजणीतून आधीच वजा! आणि नेमकं पासष्टीनंतरच शरीर बदलतं. पोट पुढे येतं, मागचा भाग सपाट होतो, मांड्या बारीक होतात, पाठीला बाक येतो. कंबर तीच ३६ राहिली तरी माणूस तो राहत नाही. दुकानदार मात्र फक्त कंबर विचारतो.

कागदाचे तयार फर्मे विकण्याची पद्धत जुनी आहे. १८६३ साली अमेरिकेत एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने वेगवेगळ्या मापांचे कागदी फर्मे काढले आणि घरोघरी लोक शिवू लागले. पण फर्मा म्हणजे छापील फॉर्म. नाव-पत्ता आपला आपण भरायचा असतो. फर्मा कुठून आणायचा? सर्वांत सोपं म्हणजे, एकेकाळी उत्तम बसणारी जुनी पॅन्ट उसवा, इस्त्री करा, खाकी कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवा. पुढचा भाग एक, मागचा भाग एक. शिवणीची माया वेगळ्या रेघेने दाखवा. माया हा शब्द मराठी शिंप्यांनी किती योग्य ठेवलाय पाहा. आत जास्तीचं कापड राखून ठेवायचं, पुढे लागलं तर सोडायला. बाजूच्या आणि मागच्या शिवणीला एक इंच तरी माया ठेवाच. आपल्या वयात वजन दोन्ही दिशांनी जातं.

मापांमध्ये लोक आसन विसरतात. लाकडी खुर्चीवर ताठ बसा. कमरेपासून बाजूने खुर्चीच्या फळीपर्यंत टेप लावा. येईल त्यात अर्धा ते पाऊण इंच मिळवा. हे आसन. ते कमी पडलं तर पॅन्ट काचते, जास्त झालं तर झोळ लोंबतो. कंबर चुकली तर पट्टा सांभाळून घेतो, आसन चुकलं तर कोणी सांभाळत नाही.

मग सरळ चांगलं कापड कापायचं नाही. मांजरपाट आणा, मोठ्या टाक्यांनी कच्ची शिवा, घाला आणि आरशापुढे उभे राहा. सुरकुत्या वाचता आल्या पाहिजेत. जिथे सुरकुती ओढल्यासारखी दिसते तिचं टोक जिथे जातं, तिथे कापड कमी आहे. पॅन्ट सैल असूनही घडी पडून लोंबते, तिथे जास्त आहे. पोट असलेल्या माणसाची पॅन्ट पुढून खाली घसरते, कारण पोटावरून जायला कापडाला लांबी पुरत नाही. अशा वेळी पुढच्या भागाची कमरेची रेघ मधोमध पाऊण इंच वर घ्या आणि बाजूच्या शिवणीपाशी शून्यावर आणा. मागे सपाट असेल तर उलट. मागच्या भागावर सीटच्या उंचीला कागदाची आडवी चिमटी घ्या, मधल्या शिवणीवर अर्धा इंच, बाजूला शून्य. झोळ जातो. बाजूला शून्य का, हे बँकवाल्याला लगेच कळेल. बाजूची शिवण पुढच्या-मागच्या दोन्ही भागांची सामाईक. एका बाजूला नोंद केली की दुसऱ्या बाजूलाही करावी लागते, नाहीतर ताळेबंद जुळत नाही.

कंबर दोन इंच वाढवायची म्हणून एकाच शिवणीत दोन इंच सोडू नका. दोन बाजूंच्या दोन शिवणी म्हणजे कापडाच्या चार कडा. प्रत्येकीला अर्धा इंच. आणि एका वेळी एकच दुरुस्ती करा, घालून बघा, मग दुसरी. आम्ही खात्यात फरक आला की आधी त्याला नऊने भाग जातो का ते बघायचो, कारण तसं असेल तर आकड्यांची अदलाबदल झालेली असण्याची शक्यता असते. सगळं एकदम खोडलं तर फरक कशाने गेला ते कळतच नाही.

इथपर्यंत उभ्या माणसाची पॅन्ट झाली. आता ज्यासाठी मी हा विषय घेतला ते सांगतो.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, निवृत्त शिक्षक, वय ८१. अर्धांगवायूनंतर डावी बाजू कमजोर झाली. काठी घेऊन चार पावलं चालतात, बाकी दिवस चाकाच्या खुर्चीत. डाव्या पायाला स्प्लिंट असतो. घरात लुंगी. चौदा महिने दादा लिफ्टने खाली उतरले नव्हते. आम्हाला वाटायचं अशक्तपणा. मग नोव्हेंबर आला, हयातीच्या दाखल्याचा महिना. मी म्हटलं, आता जीवन प्रमाण आहे, घरी बसून मोबाइलवर होतं, बँकेचा माणूससुद्धा घरी येतो. दादा म्हणाले, “मी जिवंत आहे हे मी स्वतः जाऊन सांगणार. पण लुंगीत नाही.” तेव्हा उलगडा झाला. त्यांची एकही पॅन्ट त्या स्प्लिंटवरून चढत नव्हती, आणि चढली तरी बसल्यावर मागून कंबर उघडी पडायची. चाळीस वर्षं वर्गापुढे इन करून उभा राहिलेला माणूस. तो कसा बाहेर पडेल?

बसणाऱ्या माणसाचा फर्मा वेगळाच. उभ्याला पुढे जे द्यायचं ते बसलेल्याकडून काढून घ्यायचं. बसल्यावर पुढचं कापड गोळा होतं आणि मागचं खाली ओढलं जातं. म्हणून मी दादांच्या पॅन्टची मागची मधली रेघ दोन इंच वर घेतली, पुढची एक इंच खाली, बाजूच्या शिवणी जिथल्या तिथे. लांबी दीड इंच वाढवली, कारण बसल्यावर पाय वर सरकतो. मागचे खिसे काढूनच टाकले. दिवसभर बसणाऱ्याच्या त्वचेला खिशाची जाड शिवणसुद्धा रुतते आणि जखमा होऊ शकतात. त्याऐवजी मांडीवर वरून लावलेला एक खिसा, चष्मा आणि रुमाल मावेल एवढा. बाजूच्या खिशातून बसल्यावर नाणी सांडतात, हा अनुभव सगळ्यांचाच असेल.

कमरेला मागे फक्त इलॅस्टिक, या बाजूच्या शिवणीपासून त्या बाजूच्या शिवणीपर्यंत. पुढे सपाट पट्टी, लूप, पट्टा, चेन, सगळं रीतसर. समोरून बघणाऱ्याला ती ऑफिसची पॅन्ट दिसते. चेनच्या टोकाला फितीचं कडं, म्हणजे एका हाताच्या बोटात अडकवून ओढता येतं. बटणाऐवजी आधी वेल्क्रो लावला होता, पण दादांना त्याचा चर्र आवाज आवडेना. “बँकेच्या टॉयलेटात सगळ्यांना कळेल,” म्हणाले. मग मोठा चपटा हूक लावला. मागे इलॅस्टिक असल्याने तो एका हाताने अडकतो.

डाव्या पायाचा बॉटम, म्हणजे आमच्या भाषेत मोहरी, १८ इंच आणि उजव्याचा १६. शिवाय डाव्या पायाच्या बाहेरच्या शिवणीत खालपासून गुडघ्यापर्यंत चेन, कापडाच्याच रंगाची. स्प्लिंट घालायचा, पाय आत सरकवायचा, चेन बंद. इथे एक धोका आहे. नेहमी आपण कापड दुहेरी घडी घालून दोन्ही पाय एकदम कापतो. पाय वेगळे असतील तर कापड एकेरी अंथरायचं आणि कागदावर ‘डावा’, ‘उजवा’, ‘वरची बाजू’ असं ठळक लिहायचं. नाहीतर दोन डावे पाय तयार होतात. उभा धागा कापडाच्या काठाला समांतर हवा, नाहीतर धुतल्यावर पाय पिळवटतो. ५८ इंच पन्ह्याचं कापड एका पॅन्टला सव्वा मीटरच्या आसपास पुरतं, पण असं एकेरी बेतायचं तर दीड मीटर घ्या. सुती असेल तर आधी रात्रभर पाण्यात घाला. आमच्या तरुणपणी टेरिकॉटचं कौतुक होतं, मळत नाही, चुरगळत नाही, पण खुर्चीत बसून राहणाऱ्याला त्यात घाम येतो. सुती किंवा सुतीमिश्रितच घ्या.

दादा बँकेत गेले. रांगेत खुर्चीतच बसले, सही केली. काउंटरवरच्या मुलीने पॅन्टकडे पाहिलंसुद्धा नाही. दादांना तेच हवं होतं. आता त्यांना दर शनिवारी बागेत जायचं असतं आणि ते काम माझ्याकडे आलंय.

फॅशनबद्दल थोडं. आपण बेलबॉटम घातलेली पिढी, तेव्हा आपण कोणाला शिकवू नये. पण हल्लीच्या निमुळत्या मोहरीचा नाद आपल्या वयाने सोडावा. खाली बसून ती पायातून काढताना तोल जातो. पोट असेल तर पुढे चुणी घ्याच. फर्म्यावर इस्त्रीच्या रेघेवर कमरेपासून गुडघ्यापर्यंत कागद कापा, वर एक इंच फाकवा, गुडघ्याशी शून्य. चुणीला तरुण मुलं म्हातारी म्हणतात, म्हणू देत.

वहिनी-ताईंपैकी कुणी विचारेल, की सलवारीला हे लागू आहे का? आसनाचं माप लागू आहे, बाकी नाही. सलवारीत घेर एवढा असतो की ती सगळ्यांना माफ करते.

दादांच्या पॅन्टचा फर्मा मी जपून ठेवला आहे. ज्यांच्या घरी कुणी खुर्चीत बसून असेल त्यांनी रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळात सोसायटीच्या ऑफिसात यावं. येताना दोन मोठे खाकी कागद, टेप आणि त्या माणसाची एक जुनी पॅन्ट आणावी. कंबर, सीट, आसन आणि दोन्ही पायांची वेगवेगळी मापं बसलेल्या स्थितीतच घेऊन, लिहून आणावीत. शिवून मी देणार नाही, डोळे आता तेवढे चालत नाहीत. बेतून मात्र देईन.