चिठ्ठीवरचं १-०-१



तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी फ्रिजच्या दारावर नाहीतर देवघराशेजारच्या फळीवर डॉक्टरांची एक चिठ्ठी असेल. गोळीचं नाव, आणि पुढे १-०-१. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. मी पस्तीस वर्षं परिचारिका म्हणून काम केलं. आता निवृत्तीनंतर ओळखीच्यांच्या घरी जाते तेव्हा चहाआधी त्यांचा औषधांचा डबा बघते. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली, ती ही की त्या १-०-१ मध्ये वेळ लिहिलेली नसते. सकाळ म्हणजे सहा की दहा? जेवणाआधी की जेवणानंतर? आज जेवण गेलंच नाही, तर? या प्रश्नांची उत्तरं वॉर्डात सिस्टरने द्यायची आणि घरी बायकोने, सुनेने, मुलाने. गोळीबरोबर पाण्याचा पेला घेऊन जो उभा असतो, त्याने.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी आमच्याकडून पाठ करून घेतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. पहिल्या चार गोष्टी सगळे जपतात. पाचवी मात्र 'होईल थोडं मागेपुढे' म्हणून सोडून दिली जाते. मधुमेह, फिट आणि मेंदू हळूहळू झिजवणारे आजार, या तिन्हींत हे मागेपुढे फार महाग पडतं. म्हणून आज यांच्याबद्दल बोलायचं ठरवलं.

इन्सुलिनपासून सुरुवात करते. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या इस्पितळात लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं. तेव्हा मुलाचा नुसता हाडांचा सापळा उरला होता. अर्क अशुद्ध होता, टोचल्या जागी गळू झालं, साखर फारशी उतरली नाही. इन्सुलिन शोधणारे म्हणून बँटिंग आणि बेस्ट ही नावं आपण शाळेत ऐकतो. पण मधले बारा दिवस जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने तो अर्क शुद्ध करण्यात घालवले, आणि २३ जानेवारीला दुसऱ्यांदा टोचलं तेव्हा साखर उतरली. मुलगा पुढे १३ वर्षं जगला. औषध सापडणं हे एक काम आणि ते माणसाच्या अंगात नीट पोहोचवणं हे दुसरं. हे दुसरं काम आजही रोज सकाळी घरोघरी नव्याने करावं लागतं.

ते कुठे बिघडतं, सांगते. आपल्याकडे इन्सुलिनची जी साधी बाटली मिळते तिच्यात बहुधा एका मिलीलिटरला ४० युनिट असतात. पेनमधल्या काडतुसात तेवढ्याच औषधात १०० युनिट. सिरिंजही दोन जातींच्या: लाल टोपणाची ४० वाली, केशरी टोपणाची १०० वाली. पेन बिघडलं म्हणून कुणी काडतुसातलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ओढलं आणि २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात ५० युनिट जातात. अडीचपट! उलट केलं, बाटलीतलं औषध केशरी टोपणाच्या सिरिंजने घेतलं, तर २० च्या जागी ८ च जातात, आणि महिनाभर घरात भांडण चालतं की हे चोरून गोड खातात. दुकानात सिरिंज मागताना बाटलीवरचा आकडा वाचून दाखवा. लाजू नका.

एकाच जागी रोज टोचून पोटावर गाठी होतात. तिथे दुखत नाही म्हणून माणूस पुन्हा तिथेच टोचतो, आणि गाठीतून औषध कधी उतरतं, कधी उतरत नाही. माझा हात आधी पोटावरून फिरतो, मग शुगरच्या वहीकडे जातो. दुधाळ दिसणारं इन्सुलिन असेल तर बाटली दोन्ही तळव्यांत हळूच लाटायची, खळखळ हलवायची नाही. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब. एकदा गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं. मराठवाड्यात, विदर्भात मे महिन्यात वीज जाते. तिथे बायका माठाच्या आत वाटी ठेवून, तिच्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बाटली ठेवतात आणि माठाला ओलं फडकं गुंडाळतात. ही युक्ती चांगली आहे. शेतावरच्या घरात यापेक्षा चांगलं मला सुचलेलं नाही.

आता उपासाकडे येते. मधुमेहाच्या गोळ्यांपैकी मेटफॉर्मिन एकटं असेल तर सहसा साखर फार खाली आणत नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी आणते, कारण ती पोटात अन्न आहे की नाही हे न बघता स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते. एकादशीला माणूस सवयीने सकाळी गोळी घेतो आणि खिचडी दुपारी बाराला. मधल्या वेळात घाम फुटतो, हात थरथरतात, जीभ जड होते, माणूस उगाच चिडतो. साखर ७० च्या खाली आली की तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि मग काहीतरी खायला घालायचं. मात्र वोग्लिबोज किंवा अकार्बोज ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर साधी साखर पचायला उशीर लागतो, तिथे ग्लुकोजची पावडरच लागते. ती पुडी घरात हवीच. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना.

उपास करू नका असं मी म्हणत नाही. उपासाच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा, गोळी किती आणि कधी घ्यायची ते ठरवून घ्या.

एकदा पहाटे चार वाजता एका बाईंना रिक्षातून आणलं. फिट आलेली, दातखीळ बसलेली. दीराच्या हातात चप्पल, सासूबाईंच्या हातात फोडलेला कांदा. "घरात कुणालाच नाही हो ही मिरगी," त्या रडत होत्या. मी बोटाला सुई टोचली. साखर २८. शिरेतून ग्लुकोज गेलं तशा बाईंनी डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, "मुलगा कुठंय?" आदल्या रात्री इन्सुलिन घेतलं होतं आणि भांडणात जेवण राहिलं होतं. तेव्हापासून आमच्या वॉर्डात मी एक शिस्त लावली, कुणालाही फिट आली की सगळ्यात आधी शुगर. रक्तातली साखर फार खाली गेली काय आणि फार वर गेली काय, मेंदू दोन्हीकडून आकडी देऊ शकतो.

तो कांदा आणि ती चप्पल यांचा काही उपयोग नाही. फिट बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय कांद्याला मिळतं. करायचं ते सोपं आहे. माणसाला कुशीवर वळवा, म्हणजे फेस आणि उलटी बाहेर येईल. मानेभोवतीचं सैल करा. डोक्याखाली घडी केलेला टॉवेल. दातांत चमचा घालू नका. दात तुटतात, तुकडा श्वासनलिकेत जातो. हातपाय दाबून धरू नका. आणि घड्याळ बघा. पाच मिनिटं हा आकडा लक्षात ठेवा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर ती तातडीची वेळ. काही घरी डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा दिलेला असतो, तो त्याच क्षणासाठी. मी नातेवाइकांना विचारते, किती वेळ चालली, तेव्हा 'खूप वेळ' असंच उत्तर मिळतं. घाबरलेल्या माणसाला अर्धं मिनिट दहा मिनिटांएवढं वाटतं, हे मला कळतं. म्हणूनच घड्याळ.

फिटच्या गोळ्यांचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. फिनोबार्बिटोन १९१२ पासून, फेनिटॉइन १९३८ पासून. नवी औषधं पुष्कळ आली, पण ही दोन्ही अजून वापरात आहेत. फेनिटॉइन शिरेतून देताना ते साध्या सलाइनमध्येच घालायचं. ग्लुकोजच्या बाटलीत घातलं तर खडे होऊन बसतं. सावकाश द्यायचं, मिनिटाला ५० मिलिग्रॅमच्या वर नाही, आणि डोळा हृदयाच्या आलेखावर. नळीने दूध-पेज देत असाल तर त्यात फेनिटॉइन मिसळू नका, मधे अंतर ठेवा, नाहीतर ते अंगी लागत नाही. बरीच वर्षं घेणाऱ्याच्या हिरड्या फुगतात. त्याला नीट ब्रश करायला शिकवणं हेही माझ्या कामात यायचं.

पण या गोळ्यांचा खरा शत्रू 'आता बरं वाटतंय' हे वाक्य आहे. दोन वर्षं फिट नाही, म्हणून गोळी एकदम बंद, आणि चौथ्या दिवशी एकामागून एक फिट. मुलीच्या लग्नात हे फार घडतं. सासरी कळू नये म्हणून माहेरचेच गोळ्या काढून घेतात. मला याचा संताप येतो. १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा, म्हणजे फिटच्या आजाराचा, उल्लेख काढून टाकला. कायदा बदलला, बस्त्याच्या बैठकीत मात्र अजून कुजबूजच चालते. लपवण्याचा दुसरा धोका असा की व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मुलीला दिवस गेले तर बाळाच्या मज्जारज्जूत आणि बुद्धीत दोष राहण्याची शक्यता वाढते. औषध बदलायचं असतं ते लग्नाआधी, डॉक्टरांशी बोलून. जी गोष्ट बोलायचीच नाही, ती बदलणार कशी?

आता कंपवात, म्हणजे पार्किन्सन. ११ एप्रिलला जागतिक पार्किन्सन दिन असतो. तो जेम्स पार्किन्सन यांचा जन्मदिवस. त्यांनी १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला. मेंदूतलं डोपामिन कमी पडतं आणि माणूस ताठतो, मंदावतो, थरथरतो. त्यावरचं मुख्य औषध लेव्होडोपा. तुम्ही लहानपणी खाजकुयलीच्या शेंगेने हैराण झाला असाल. त्याच वेलाच्या बियांत लेव्होडोपा आहे, हे १९३७ मध्ये दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवलं. आजारावर त्याचा उपयोग १९६० च्या दशकात सिद्ध झाला. पण म्हणून कुणी बियांचं चूर्ण खाऊ नये. एका चमच्यात किती औषध आहे ते चमच्याला माहीत नसतं.

लेव्होडोपा अंगात फार वेळ टिकत नाही, दीडएक तासात निम्मं होतं. आजार जुना झाला की माणूस गोळीच्या तालावर चालतो, गोळी चढली की उठतो, उतरली की थिजतो. मी हाडांच्या वॉर्डात असतानाची गोष्ट. खुब्याचं हाड मोडलेले एक निवृत्त मास्तर दाखल झाले. घरी त्यांची गोळी सहा, दहा, दोन आणि सहा अशी ठरलेली. आम्ही नियमाप्रमाणे गोळ्यांची पिशवी काढून घेतली आणि आमच्या राउंडप्रमाणे, आठ, दोन, आठ, देऊ लागलो. त्यांच्या पत्नी पायथ्याशी बसायच्या. त्या म्हणाल्या, "सिस्टर, अहो, यांची दहाची गोळी राहिली." मी म्हणाले, "काकू, राउंडला देऊ." दुसऱ्या दिवशी मास्तर लाकडासारखे ताठले. घास गिळवेना, बोलवेना. केसपेपरवर मी लिहिलं, रुग्ण सहकार्य करत नाही. संध्याकाळी उलटी झाली म्हणून मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन दिलं. हे औषध मेंदूतल्या डोपामिनचीच वाट अडवतं. पार्किन्सनच्या माणसाला ते द्यायचं नसतं, डोम्पेरिडोन चालतं. डॉक्टरांनी लिहिलं होतं हे खरं, पण टोचलं मी. मास्तर वाचले, घरीही गेले, पण पुन्हा काठीशिवाय उभे राहिले नाहीत. त्या काकूंना त्यांच्या नवऱ्याच्या आजाराचं माझ्यापेक्षा जास्त ज्ञान होतं आणि ते ज्ञान मी राउंडच्या नावाखाली परतवून लावलं.

म्हणून सांगते. पार्किन्सनचा माणूस कुठल्याही कारणाने इस्पितळात न्यावा लागला, तर त्याच्या गोळ्यांच्या वेळा कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि खाटेला चिकटवा. सिस्टर रागावली तरी विचारत राहा. गोळी जेवणाआधी अर्धा तास द्या, दुधाबरोबर देऊ नका. डाळ, दूध, अंडी यांतली प्रथिनं आणि ही गोळी एकाच दारातून आत शिरायला धडपडतात. गोळी चढल्यावर जेवायला बसवा, ताठ बसवून, लहान घास. उंबऱ्यात पाय थिजला तर ओढू नका. जमिनीवर आडवी पट्टी चिकटवा, ती ओलांडायला सांगा. पाय उचलला जातो. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळातली मंडळी अशा युक्त्या एकमेकांना सांगत असतात.

विस्मरणाबद्दल थोडंच सांगते. डोनेपेझिलसारख्या गोळ्या आजार थांबवत नाहीत, काही काळ सावरून धरतात. रिव्हास्टिग्मिनची चिकटपट्टी असेल तर नवी लावण्याआधी जुनी काढा. एकाच्या पाठीवर तीन-तीन पट्ट्या मी मोजलेल्या आहेत, आणि तो माणूस उलट्या करत आलेला होता. थरथर कमी व्हावी म्हणून दिलेलं ट्रायहेक्सिफेनिडिल म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ वाढवतं. आजोबा अचानक जास्त विसरू लागले, तर आधी डबा बघा, नवीन काय सुरू झालं ते. आणि ज्यांना विस्मरणही आहे आणि मधुमेहही, त्यांच्या हाती इन्सुलिन ठेवू नका. ते सकाळी टोचतात, विसरतात, पुन्हा टोचतात. हातातून पेन काढून घेताना त्यांचा मान राखा. "बाबा, आज मी शिकते, तुम्ही बघा बरोबर आहे का," असं म्हणणारी एक सून मी पाहिली. रोज नव्याने शिकत होती, चार वर्षं.

बाहेर पुस्तकांच्या टेबलाशेजारी मी दोन्ही टोपणांच्या सिरिंज आणि एक रिकामी बाटली ठेवली आहे. ज्यांच्या घरी इन्सुलिन आहे त्यांनी त्या हातात घेऊन बघाव्यात. औषधांची चिठ्ठी बरोबर असेल तर आणा, मी नऊपर्यंत इथेच आहे. १-०-१ च्या पुढे आपण वेळ लिहू.